पुण्याहून लेस्टरला परतलेल्या नोकऱ्या



विषय मुद्दाम अडचणीचा घेतला आहे. बाहेर गेलेल्या आयटीच्या नोकऱ्या ब्रिटनमध्ये परत आणा, असे आता आपलीच मुले म्हणू लागली आहेत. ती इथे पदवीधर झाली, अर्ज करून थकली. आणि त्या नोकऱ्यांपैकी काही हिंजवडीत आपल्याच भाचरांकडे आहेत. आपल्यातले बरेच जण तर याच ऑनसाइट-ऑफशोअरच्या व्यवहारातून इथे आलो. मग बोलायचे कोणाच्या बाजूने?

नोकऱ्या परत येतात, हे खरे आहे. जुलै २०११ मध्ये सांतांदेर बँकेने पुणे आणि बंगळूरच्या कॉल सेंटरांतले काम लेस्टर, लिव्हरपूल आणि ग्लासगोला हलवले. जागा सुमारे पाचशे. ग्राहकांच्या तक्रारी होत्या. बीटीनेही २०२० पर्यंत ग्राहकसेवेचे फोन ब्रिटन-आयर्लंडमध्ये आणले. आणि त्याच बीटीने मे २०२३ मध्ये जाहीर केले की २०३० पर्यंत, कंत्राटी धरून, ५५,००० पर्यंत जागा जातील. त्यांतल्या सुमारे १०,००० एआयमुळे. तिकडे टीसीएसने जुलै २०२५ मध्ये १२,००० जागा कमी करायचे ठरवले. (एआय हे कारण नाही, असे कंपनी म्हणते.)

एक कबुली देते. डेटा साफ करायचे छोटे प्रोग्राम मी पूर्वी नव्या मुलांना देत असे. हल्ली मशीनकडून करून घेते. ते काम कंटाळवाणे होते, पण ते करता करता मुले शिकत आणि सहा महिन्यांत माझ्याच चुका काढू लागत. ही पहिली पायरीच गेली तर लेस्टर काय, पुणे काय!

म्हणून मागणी नेमकी करू या. केंद्र सरकारच्या मोठ्या कंत्राटांत जानेवारी २०२१ पासून निविदेचे किमान १० टक्के गुण 'सामाजिक मूल्या'साठी ठेवले जाऊ लागले. त्यात नवपदवीधरांच्या पगारी प्रशिक्षणाच्या जागा ठळकपणे मोजा. काम पुण्यात होणार असेल तर तिथल्याही मोजा. इथल्या करदात्याने पुण्याच्या मुलाला का शिकवावे, असे कोणी विचारेल. करदात्याने नव्हे, पगारातला फरक खिशात घालणाऱ्या कंपनीने शिकवावे.

खासदारांना पाठवायच्या पत्राचा मसुदा चहाच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या पेन्सिलीने कराव्यात, प्रत एकच आहे.