हंसणारीं मुलें



मोरगांव म्हटलें कीं आपणांस मयूरेश्वर व कऱ्हेचें पात्र आठवतें. मला मात्र त्या बाजूच्या एका शाळेंतील आठवीचा वर्ग आठवतो. कारखान्यांचा हंगाम लागला म्हणजे बीडकडील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बारामती तालुक्यांत उतरतात, आणि त्यांचीं कांहीं मुलें ऐन वर्षाच्या मध्येंच वर्गांत येऊन बसतात. अशा एका मुलाच्या बोलीची नक्कल आमच्या वर्गांत रोज चाले. नक्कल करणारे दोघे, हंसणारे सारे.

याला कोणी थट्टा म्हणतील. पण थट्टा बरोबरीच्यांत शोभते. जें पुनःपुन्हा, जाणूनबुजून, आणि ज्यास उलटून बोलतां येत नाहीं अशाशींच केलें जातें, तो छळ. हें लक्षण नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनीं सांगितलें. दांडगट मुलगा आंतून भित्रा असतो, ही समजूतही त्यांस खरी आढळली नाहीं. ज्या घरांत माया थोडी, मार फार आणि मुलाच्या दांडगाईस मुभा, तेथें ती वाढते, असें ते म्हणत.

घरून केवळ दांडगाईच येते असें नाहीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिक्षकांनीं भीमराव आंबेडकरांस गणित सोडविण्यास फळ्याकडे बोलाविलें, तेव्हां फळ्यामागचे आपले डबे विटाळतील म्हणून वर्गांतील मुलें ओरडत ते उचलावयास धांवलीं. त्यांत दांडगट कोण, हें कसें दाखवावें?

१९९९ च्या महाराष्ट्राच्या रॅगिंगविरोधी कायद्यांत २ वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रारीची चौकशी ७ दिवसांत न करणाऱ्या संस्थाप्रमुखासही तो गुन्ह्याचा साथीदार धरतो. मला हें दुसरें कलम अधिक मोलाचें वाटतें. मी स्वतः आधीं कित्येक दिवस कानाडोळाच केला होता.

पुढें मी त्या दोघांस रागावलों. नक्कल वर्गांतून उठून रस्त्यावर गेली, एवढेंच. मग हंसणाऱ्यांपैकीं चौघांस एकेकटें बोलावून विचारलें, "कां हंसलास?" तिघे खालीं पाहत राहिले. चौथा म्हणाला, "गुरुजी, नाहीं हंसलों तर उद्यां माझी पाळी."

मीं त्यास कांहींच उपदेश केला नाहीं. दोनतीन दिवसांनीं मधल्या सुट्टींत तो आपला डबा घेऊन त्या मुलाशेजारीं जाऊन बसला. टोळी परत गेली तोंवर तेथें पांच डबे उघडत असत. नक्कल मात्र पुरती थांबली नव्हती.