यंत्रावरचा श्वास आणि आपली सही
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आमची शाळा म्हणजे गिरणीतलं साचेखातं. तरी आज कायद्यावर बोलतो, कारण दवाखान्यात कायद्याचा कागद शेवटी आपल्याच पुढ्यात येतो.

पोरगं मोटारसायकलवरून पडतं. डोक्याला मार लागतो, आयसीयूत यंत्र लावतात. चार दिवसांनी डॉक्टर सांगतात, मेंदू मृत झाला. आई म्हणते, अहो, छाती वरखाली होतेय, हात गरम लागतोय! तिचं काय चुकलं? श्वास यंत्र देतं, आणि प्राणवायू मिळतो तोवर हृदय काही काळ आपसूक चालतं. पण श्वासाचा हुकूम जिथून सुटतो, तो मेंदूचा देठ कायमचा मेला तर माणूस परत येत नाही. कोमा वेगळा. कोमातला माणूस जिवंत असतो, काही जण शुद्धीवर येतातही. वस्तीत दोन्ही एकच समजतात आणि भांडण तिथूनच पेटतं.

१९९४ साली आपल्या देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. त्यात मेंदूमृत्यू एकट्या डॉक्टरने ठरवायचा नाही, चौघांच्या मंडळाने ठरवायचा : रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, उपचार करणारे डॉक्टर, एक मेंदूतज्ज्ञ आणि एक त्रयस्थ तज्ज्ञ. तपासणी दोनदा, मध्ये निदान ६ तास. डोळ्यावर उजेड टाकून बाहुली आकसते का बघतात, यंत्र थोडा वेळ थांबवून स्वतःचा श्वास येतो का बघतात. अवयव काढणारा डॉक्टर या मंडळात चालत नाही. हे कलम ज्यांनी घातलं त्यांना आमचा सलाम!

आता संमती. तपासणीला घरच्यांची सही लागेल असं आपला कायदा म्हणत नाही. सही लागते अवयव देण्यासाठी. जपानात १९६८ सालच्या पहिल्या हृदयरोपणावरून फार संशय माजला. म्हणून १९९७ साली कायदा करताना त्यांनी माणसाची स्वतःची लेखी इच्छा आणि घरच्यांची मान्यता, दोन्ही मागितल्या, मेंदूमृत्यू ठरवण्यासाठीसुद्धा. २०१० पासून, माणसाने नकार नोंदवला नसेल तर घरच्यांच्या संमतीवर भागतं.

आम्हाला विचाराल तर मरण सहीवर ठरू नये. सहीने मेलेला जिवंत होत नाही. पण तपासणीआधी आईबापांना बसवून, त्यांच्या भाषेत दोन शब्द सांगायला कोणाचं काय जातं? गिरण्या बंद पडताना इंग्रजी कागदांवर आपल्या सह्या कशा घेतल्या गेल्या, ते इथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे.

आणि अवयव द्यायला नाही म्हटलं तर? नाही म्हणण्याचा हक्क पुरा आहे. पण मेंदूमृत्यूची व्याख्या या एकाच कायद्यात आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात मेंदूचं नावही नाही. मग यंत्र काढावं की नाही, यावर डॉक्टरही कचरतात आणि बिल वाढत जातं. केरळ सरकारने २०२० साली मेंदूमृत्यूचा दाखला अवयवदानापासून वेगळा धरला. तसं साऱ्या देशासाठी कायद्यात यावं, हे आम्ही मागतो.

एक ध्यानात ठेवा. चौघा डॉक्टरांचा दाखला नमुना १० वर असतो, घरच्यांची संमती नमुना ८ वर, आणि १८ वर्षांखालचं मूल असेल तरी नमुना ८ वरच. ८ पुढे आला, की आधी १० दाखवा म्हणा.

जयभीम!