रीळ, वेग आणि मनगट



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई नाहीतर कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. आज आम्ही वेगळा विषय घेतला आहे. मासे धरण्याचे रीळ, आणि तेही ‘जिगिंग’ नावाच्या प्रकारासाठी, कोणते घ्यावे, त्याच्या दातेरी चाकांचे गुणोत्तर किती असावे, आकार केवढा असावा, हा तो विषय. ऐकून कोणास हसू आले तर आमची हरकत नाही. आमच्या ओळखीची काही कारखान्यातली तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी समुद्र गाठतात. वर्षाचा बोनस हाती आला की त्यांना चांगले रीळ हवेसे वाटते, आणि दुकानात त्यांच्यापुढे एकच आकडा नाचवला जातो. ‘हे घ्या, याचा गिअर मोठा, हे वेगवान.’ वेगवान म्हटले की खिशात हात घालायचा, ही सवय सुटावी एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथम जिगिंग म्हणजे काय ते सांगतो. जिग म्हणजे माशाच्या आकाराचा धातूचा जड तुकडा. त्याला गळ बांधलेला असतो. होडीतून तो सरळ तळापर्यंत सोडायचा, आणि मग काठीला झटके देत, रीळ फिरवत तो वर आणायचा. खालच्या माशाला वाटते, एखादा लहान मासा जीव घेऊन पळत आहे. म्हणजे येथे आमिष जिवंत करण्याचे काम माणसाच्या हाताने करायचे असते. आपली उल्हास नदी दाराशी वाहते खरी, पण हा खेळ तिच्या पाण्याचा नव्हे. त्याला खोली लागते. मुंबईसमोरचा समुद्र पसरट आणि उथळ, तेथे खोल पाण्यासाठी बरेच दूर जावे लागते. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. तिचा माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटरवर आहे, पण तिच्या कडेला तळ शेकडो मीटर खाली जातो. एकाच महाराष्ट्राच्या समुद्रात इतका फरक, तेव्हा सर्वांना एकच रीळ कसे चालेल?

आता गुणोत्तर. रिळावर 6.2 ला 1 असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, मूठ एकदा फिरवली की दोरी गुंडाळणारा भाग 6.2 वेळा फिरतो. बस्स, याहून अधिक काही नाही. दोरी किती आली हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी चकतीचा व्यास लागतो. हिशोब करून पाहा. दोरीने भरलेल्या चकतीचा व्यास 5 सेंटिमीटर असेल तर तिचा परीघ 15.7 सेंटिमीटर. त्याला 6.2 ने गुणले की मुठीच्या एका फेऱ्यात 97 सेंटिमीटर दोरी येते. त्याच चकतीला 4.9 चे गुणोत्तर असेल तर 77 सेंटिमीटर येते. पण चकती 6.3 सेंटिमीटरची घेतली, तर 4.9 नेसुद्धा 97 सेंटिमीटरच येते! म्हणजे ज्याला दुकानदार सावकाश म्हणतो ते मोठे रीळ, वेगवान म्हटलेल्या लहान रिळाइतकीच दोरी ओढते. म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो हा, की एका फेऱ्यात दोरी किती सेंटिमीटर येते? बहुतेक कंपन्या हा आकडा माहितीपत्रकात देतात. तो वाचावा.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. ही दोरी ओढायला जोर कोणाचा लागतो? आपल्यापैकी जे सायकलने शहाडचा रेल्वेवरचा पूल चढतात, त्यांना हा धडा पोटऱ्यांनी शिकवला आहे. मोठ्या गिअरवर सपाटीला सायकल वाऱ्यासारखी जाते, चढावर तीच छाती फोडते. येथेही तसेच. मुठीचा दांडा 7.5 सेंटिमीटर लांब असेल तर एका फेऱ्यात हात 47 सेंटिमीटर चालतो. तेवढ्यात दोरी 97 सेंटिमीटर येते. म्हणजे दोरी हाताच्या दुपटीहून थोडी जास्त चालते, आणि म्हणून हाताला जोरही दोरीवरच्या ओढीच्या दुपटीहून थोडा जास्त लावावा लागतो. मासा 3 किलोच्या जोराने ओढत असेल तर मनगटावर 6 किलोंहून अधिक येतात, घर्षण निराळेच. 77 सेंटिमीटरच्या रिळावर हेच पाच किलोंच्या आत राहते. 97 चे रीळ ठेवून दांडा 10 सेंटिमीटरचा केला तर जोर साडेचार किलोंच्या आसपास उतरतो, मात्र हाताला मोठे वर्तुळ फिरावे लागते. वेग फुकट मिळत नाही. यंत्र कोणतेही असो, एका बाजूने दिलेले दुसऱ्या बाजूने वसूल होते.

मग कमी गुणोत्तरच घ्यावे काय? तसेही नाही. 60 मीटर खोलीवरून जिग वर आणायला 97 च्या रिळावर 62 फेरे लागतात, 77 च्या रिळावर 78. दिवसात तीस वेळा जिग टाकला तर सुमारे पावणेपाचशे फेऱ्यांचा फरक पडतो, आणि रिकामा जिग हलका असल्याने तेथे जोराचा प्रश्न नसतो. म्हणून मासा पाहून ठरवावे. सुरमई आणि कुपा हे पळत्या भक्ष्यामागे धावणारे मासे. त्यांच्यासाठी जिग वेगाने वर यायला हवा, तेथे एका फेऱ्यात मीटरभर दोरी देणारे रीळ योग्य. हेकरू आणि तांबोशी खडकाजवळ राहतात. गळ लागताच हेकरू कपारीत घुसतो, आणि पहिल्या काही क्षणांत त्याला तळापासून उचलले नाही तर दोरी खडकावर कापली जाते. तेथे वेग काय चाटायचा? तेथे जोर हवा, म्हणजे कमी गुणोत्तर किंवा लांब दांडा.

राहिला आकार. शिमानो, दाइवा या जपानी कंपन्या रिळांना 4000, 6000, 8000, 14000 असे क्रमांक देतात. हे क्रमांक आहेत, मापे नव्हेत; कंपनी बदलली की त्यांचा अर्थही थोडा बदलतो. आकार ठरतो तो दोरीवरून. आमचा ठोकताळा असा, की खोलीच्या तिप्पट दोरी रिळावर असावी, कारण प्रवाह दोरीला तिरकी नेतो आणि मोठा मासा ती आणखी पळवतो. तंगूस जाड असतो आणि ताणतो. जिगला विणलेली बारीक दोरी बरी. 30-40 मीटर पाण्यात आणि हलक्या जिगला 4000 ते 6000 क्रमांकाचे रीळ पुरते. 60 ते 100 मीटरला 8000 च्या पुढे जावे.

येथे शहाडकरांना एक गोष्ट सांगायला नको. सुताच्या बॉबिनवर हात चालवलेल्या माणसाला ठाऊक असते की रिकाम्या बॉबिनवर एका फेऱ्यात थोडे सूत बसते, भरलेल्या बॉबिनवर जास्त. रिळाचेही तेच. माशाने दोरी पळवून 5 सेंटिमीटरची चकती 4 वर आणली, की 97 सेंटिमीटरचे रीळ 78 वर येते. तुमचे 6.2 आता 4.9 सारखे वागू लागते. शिवाय रिळाचा ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात, तो 5 किलोवर लावलेला असेल तर दोरीवर आता सव्वासहा किलो होतो, आणि दोरी नेमकी तेव्हाच तुटते. मोठ्या चकतीवर हा उतार कमी. म्हणून खोल पाण्याला मोठे रीळ घ्यायचे. पण त्याचीही किंमत आहे. लहान रीळ 300 ग्रॅमच्या आसपास, मोठे 700 ग्रॅमपर्यंत. ते दिवसभर झटके देत उचलायचे असते. संध्याकाळी खांदा त्याचा हिशोब मागतो.

बंधूंनो, आम्ही आयुष्यभर यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाची बाजू मांडली. यंत्राचा वेग वाढला की मालकाला कागदावर उत्पादन दिसते; ते ज्या हातांनी काढायचे ते हात कागदावर नसतात. आम्ही वेगाचे शत्रू नाही. वाढलेल्या वेगाचा भार कोणावर पडतो, एवढेच आम्ही प्रत्येक वेळी विचारत आलो. कारखान्यात हा प्रश्न विचारायला संघटना लागते. रिळाच्या दुकानात मात्र मालकही तुम्हीच आणि कामगारही तुम्हीच. तेव्हा निदान तेथे तरी स्वतःच्या मनगटावर अन्याय करू नका. पाण्याची खोली, मासा, एका फेऱ्यातली दोरी, दांड्याची लांबी, आणि आपले वय, एवढ्या पाच गोष्टी कागदावर लिहून मग दुकानात जा. तेथे रीळ हातात घ्या, दोरीला वजन बांधून ते उचलून पाहा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरे दुकान शोधा. आणि जूनजुलैच्या बंदीच्या दिवसांत, मासे अंडी घालतात तेव्हा, रीळ धुऊन, तेल देऊन कपाटात ठेवा. विश्रांतीचा हक्क माशालाही आहे.