२९ ऑगस्ट

पंचांगात तिथी, वार आणि नक्षत्र यांची नोंद आगाऊ करून ठेवता येते. परंतु त्या दिवशी जे घडेल त्याचे मोल मात्र आगाऊ लिहिता येत नाही. ते कळावयास कधी एक आठवडा पुरतो, तर कधी एक शतकही अपुरे पडते. क्रीडेच्या इतिहासात २९ ऑगस्ट या तारखेकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट चांगली ध्यानात येते.

१८८२ साली या दिवशी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी सामन्याचा निकाल लागला. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात तरुण फलंदाज सॅमी जोन्स धाव पूर्ण झाली असे समजून खेळपट्टी नीट करण्यासाठी पुढे सरला, तोच डॉ. ग्रेस यांनी त्याला धावचीत केले. नियमाला धरून झाले, तरी गोलंदाज स्पॉफर्थ याला ते फार झोंबले. विजयासाठी इंग्लंडला अवघ्या ८५ धावा हव्या होत्या. स्पॉफर्थने ४४ धावांत ७ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव ७७ धावांत आटोपला. चारच दिवसांनी एका इंग्रजी वृत्तपत्राने इंग्लिश क्रिकेटचा मृत्युलेख थट्टेने छापला आणि देहाचे दहन करून राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल, असे त्यात जाहीर केले. त्या राखेवरूनच या दोन देशांतील कसोटी मालिकेला 'ॲशेस' हे नाव पडले. केवळ सात धावांचा पराभव, पण त्याची आठवण आजही सरलेली नाही.

त्या सामन्याचा निकाल निदान वृत्तपत्रांनी तरी छापला. १९०५ सालच्या २९ ऑगस्टला अलाहाबादेत एका सैनिकाच्या घरी जन्मलेल्या मुलाची दखल घेण्याचे कोणास कारण नव्हते. ध्यानसिंग त्याचे नाव. १९२२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाला आणि हॉकीची खरी गोडी त्याला तेथेच लागली. दिवसाची नोकरी आटोपल्यावर तो चांदण्यात सराव करी, म्हणून सोबत्यांनी त्याला 'चंद' म्हटले, असे सांगतात. पुढे ॲमस्टरडॅम, लॉस एंजल्स आणि बर्लिन या तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळविले आणि तिन्ही संघांत ध्यानचंद होते. १९३६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात, १५ ऑगस्टला, त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने यजमान जर्मनीला ८–१ असे नमविले. अकरा वर्षांनी त्या तारखेला कोणते भाग्य लाभणार आहे, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते!

१९५६ साली ध्यानचंद मेजर म्हणून सैन्यातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले आणि ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या एका रुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यांचा जन्मदिवस 'राष्ट्रीय क्रीडा दिन' म्हणून पाळला जाऊ लागला तो २०१२ पासून. देशाच्या सर्वोच्च क्रीडा पुरस्काराला त्यांचे नाव लाभले ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये. मान मिळाला, पण तो स्वीकारावयास ते उरले नव्हते.

त्याच ऑगस्टच्या २९ तारखेला टोकियोच्या पॅरालिंपिक स्पर्धेत भाविना पटेल यांनी चाकांच्या खुर्चीवरून खेळत टेबल टेनिसचे रौप्यपदक मिळविले. या खेळात पॅरालिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या या मुलीला वयाच्या पहिल्याच वर्षी पोलिओने गाठले होते. अंतिम सामना त्या चीनच्या झोऊ यिंगकडून हरल्या. तरी देशभर आनंदच झाला, कारण तेथवरचा मार्ग किती लांबचा होता हे सर्वांना उमगले होते. त्याच दिवशी उंच उडीत निषादकुमार यांनीही रौप्यपदक पटकाविले.

दरसाल क्रीडा दिनाला भाषणे होतात, हार घातले जातात. ते योग्यच आहे. परंतु आजच्या २९ ऑगस्टलाही कोठे तरी एखादे मूल जन्मास येत असेल आणि त्याची दखल आज कोणी घेणार नाही. त्याच्या गावी खेळावयास मोकळी जागा असावी आणि खेळणे संपल्यावरही त्याची विचारपूस व्हावी. ध्यानचंदांच्या जन्मदिवसाला याहून साजेशी दुसरी भेट नाही.