चार मिनिटांचे इंग्रजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोबाईलवर इंग्रजी कसे शिकावे यावर चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले आहे. मी काही शिक्षिका नव्हे. गेले आठ महिने आम्ही सातजणी दर मंगळवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बसून हा उद्योग करीत आहोत, तेवढाच माझा अधिकार.

आपण बहुतेकजणी मराठी शाळेत शिकलेल्या. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. ते पहिलीपासून आले २००० साली. आम्ही स्पेलिंगे घोकली, तर्खडकरांच्या पाठमालेतून भाषांतरे केली. परंतु इंग्रजी बोलणे कानांवर असे पडलेच नाही. म्हणून औषधाच्या खोक्यावरचे आज अडखळत का होईना वाचता येते. पण समोरचा बोलू लागला की आपण गप्प. यात बुद्धीचा दोष नाही, कानांना सवय नाही एवढेच.

ऐकून शिकण्याची कल्पना जुनीच आहे. बीबीसीने १९४३ मध्ये रेडिओवरून इंग्रजीचे धडे सुरू केले. पण रेडिओवरचे वाक्य एकदा निसटले की निसटले. यूट्यूब २००५ साली निघाले, आणि आता तेच वाक्य दहादा मागे नेता येते, बोलण्याची गती पाऊणपटीवर आणता येते. चित्रफितीतली बाई दुकानात जाते, टोमॅटो उचलते, भाव विचारते. वस्तू डोळ्यांसमोर असल्याने अर्थासाठी कोश उघडावा लागत नाही. बीबीसीच्या आणि ब्रिटिश कौन्सिलच्या अशा छोट्या चित्रफिती फुकट पाहता येतात.

आमची रीत अशी. पहिल्यांदा नुसते पाहायचे. दुसऱ्यांदा खाली इंग्रजी अक्षरे लावून पाहायचे. मराठी अक्षरे लावायची नाहीत, डोळे तिकडेच धावतात. तिसऱ्यांदा प्रत्येक वाक्याला थांबवून मोठ्याने म्हणायचे. चार मिनिटांना अर्धा तास लागतो. तोंड न उघडता पाहिले तर ती मालिका पाहिल्यासारखी होते. करमणूक होते, जीभ मात्र होती तिथेच राहते.

यातून गमती फार कळल्या. 'कप ऑफ टी' हे आम्हांला पहिल्या दिवशी स्पष्ट 'कपटी' असे ऐकू आले! बोलताना ही मंडळी 'ऑफ', 'टु', 'अ' असले बारके शब्द गिळूनच टाकतात, आणि आपण नेमके तेच शोधत बसतो. दुसरे असे की, आपण 'पाणी द्या ना' म्हणतो. आपला आदर त्या 'द्या'मध्ये असतो आणि आर्जव 'ना'मध्ये. त्याचे शब्दशः इंग्रजी 'गिव्ह मी वॉटर' असे केले की तो हुकूम होतो. तिथे 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज' असे वळण घ्यावे लागते. आणि आपल्याकडे मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला चहा हवा असतो. इंग्रजीत सगळीकडे 'आय'. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "जन्मात इतक्यांदा मी मी केले नव्हते गं!"

मात्र हे धडे तिकडच्या संसाराचे असतात. हवापाणी, कॉफी, टोस्ट, लंडनची आगगाडी. आपली गरज बँकेतल्या खिडकीची आणि दवाखान्याची. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याचा धडा झाला की त्याच साच्यात आम्ही आपली दुखणी घालतो: गुडघा, चक्कर, साखर. सोमवारपासून दुखते याला 'फ्रॉम मंडे' नव्हे, 'सिन्स मंडे', हे असेच पक्के झाले.

आमच्या एका सभासदांच्या यजमानांना मध्यंतरी रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले. पाळीवरचे तरुण डॉक्टर परप्रांतीय. इंग्रजीतला तीन पानी कागद पुढे करून सही मागितली. बाईंनी पेन हातात धरले आणि म्हटले, "व्हॉट इज धिस पेपर फॉर? प्लीज स्पीक स्लोली." डॉक्टर थांबले, खुर्ची ओढून बसले, आणि अर्धे इंग्रजीत अर्धे हिंदीत सगळे सांगितले. शस्त्रक्रिया कसली, धोका कोणता, हे समजल्यावर बाईंनी सही केली. मला विचाराल तर आठ महिन्यांतले सर्वांत मोलाचे वाक्य 'प्लीज स्पीक स्लोली' हेच. असला कागद आपल्याला मराठीत मिळावा ही मागणी मात्र आपण सोडू नये. ते भांडण वेगळे, आणि रात्री अकरा वाजता भांडायला सवड नसते.

महिन्याभरात फाडफाड इंग्रजी शिकवतो म्हणून पैसे मागणाऱ्या जाहिराती मोबाईलवर पुष्कळ येतात. तिकडे वळू नका. घरातली शाळकरी मुले आपल्या उच्चारांना हसतात, त्यांना खुशाल हसू द्या आणि मग त्यांनाच पुढचा धडा लावून द्यायला सांगा.

येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता नव्या भगिनींसाठी पहिला धडा आहे. विषय, फोनवर बोलणे. मोबाईल नसला तरी या, भिंतीवर मोठे चित्र दिसण्याची सोय केली आहे. वही आणा. चहा मंडळाचा.