ओमानचा उन्हाळा आणि पॅनेलमधला कपॅसिटर

आजचं बोलणं ओमानमध्ये इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि मेंटेनन्सचं काम करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे. तुम्ही रुसैलला असाल, सोहारला असाल किंवा दुक्मला. तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-नाशिककडे ड्राइव्ह, यूपीएस, इन्व्हर्टर हाताळून इथे आले आहेत. यंत्रं तीच आहेत, हवा मात्र वेगळी आहे. या हवेमुळे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा हिशोब कसा बदलतो, ते आज पाहू.

२६ जून २०१८ रोजी कुरियातला सलग चोवीस तास तापमान ४२.६ अंशांच्या खाली उतरलंच नाही. म्हणजे पहाटेसुद्धा ४२.६! आपल्याकडे विदर्भात दुपारी पारा ४५ च्या वर जातो, पण रात्री थोडी उतार असते. इथे किनाऱ्यावर यंत्राला कधीकधी ती विश्रांतीही मिळत नाही.

आता डेटाशीट उघडा. बऱ्याच ड्राइव्हवर लिहिलेलं असतं की पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंत, त्यापुढे भार कमी करा. हे ४० अंश हवामान खात्याचे नाहीत, ते यंत्राला लागून असलेल्या हवेचे, म्हणजे पॅनेलच्या आतल्या हवेचे आहेत. बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या पेटीवर ऊन आणि आत यंत्राची स्वतःची उष्णता, असं असताना आत ६५ सहज भरतात.

एक साधा हिशोब करू. एका आयजीबीटीमध्ये २५ वॅट उष्णता तयार होते. आतल्या चिपपासून हवेपर्यंतचा एकूण औष्णिक रोध दर वॅटला २.८ अंश धरा. गुणाकार ७० अंश. पेटीत ४० अंश असताना चिप ११० वर राहते. पेटीत ६५ झाले की चिप १३५ वर जाते. तिची मर्यादा १५० असेल, तर हातात फक्त १५ अंश उरले. आता भार वाढून उष्णता २० टक्क्यांनी वाढली, तर ७० चे ८४ होतात आणि चिप १४९ वर पोचते. हिटसिंकवर धूळ बसली, तर तोही एक अंश उरत नाही.

आयजीबीटी निदान ट्रिप होऊन तक्रार करतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गुपचूप वाळत जातो. याचा ढोबळ नियम लक्षात ठेवा: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ७५ अंशांवर चालवला, तर आठपट, म्हणजे १६,००० तास मिळतात. सतत चालवला तर दोन वर्षंही नाहीत. ८५ अंशांवर ८००० तास, म्हणजे अकरा महिने. आणि दुरुस्तीच्या वेळी ‘व्हॅल्यू तीच आहे’ म्हणून कुणी ८५ अंशांचा, २००० तासांचा स्वस्त कपॅसिटर बसवला, तर ७५ अंशांवर त्याचे ४००० तास, साडेपाच महिने. ऑक्टोबरमध्ये दुरुस्त केलेला बोर्ड मार्च-एप्रिलमध्ये, नेमका उन्हाळा सुरू होताना, पुन्हा तुमच्या टेबलावर येतो. म्हणून खरेदीच्या कागदावर मायक्रोफॅरड आणि व्होल्टसोबत अंश आणि तासही लिहा. रिपल करंट तपासा, कारण कपॅसिटर त्यानेही आतून तापतो. जागा आणि खर्च परवडत असेल, तर फिल्म कपॅसिटरचा विचार करा.

तापमान मोजायचं कधी, हाही प्रश्न आहे. जून ते ऑगस्टमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा इथला नियम आहे आणि तो माणसांसाठी अगदी योग्य आहे. पण यंत्र तेव्हाही चालूच असतं. सकाळी आठला घेतलेलं रीडिंग पाहून ‘सगळं ठीक’ लिहू नका. कमाल तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर पॅनेलमध्ये आठवडाभर ठेवा, मग बोला.

उपाय फार महाग नसतात. पॅनेलवर सावली करा, वर आणि बाजूंना मोकळी जागा सोडा. क्षमतेपेक्षा एक माप मोठा ड्राइव्ह घ्या. स्विचिंग फ्रिक्वेन्सी थोडी कमी केली तर उष्णता कमी होते, मोटरचा आवाज मात्र वाढतो. पंखा हा झिजणारा भाग आहे, तो बंद पडायची वाट न पाहता बदला. एसी घेताना टी-३ वर्ग पाहा, त्याची चाचणी बाहेर ४६ अंश धरून होते. टी-१ ची होते ३५ वर.

किनाऱ्यावर दमटपणा आणि खार असतो. थंड खोलीतल्या पॅनेलचं दार उघडलं की बोर्डावर पाणी धरतं. सलालाहच्या खरीफमध्ये तर विचारूच नका. तिथे बोर्डावर संरक्षक लेप आणि पेटीत छोटा हीटर हवा. सैकच्या पठारावर, सुमारे २००० मीटरवर, हवा थंड असते पण विरळ असते, त्यामुळे ती उष्णता कमी वाहून नेते. बहुतेक ड्राइव्हना १००० मीटरच्या वर दर १०० मीटरला साधारण एक टक्का क्षमता सोडावी लागते.

इब्रीचा ५०० मेगावॅटचा सौर प्रकल्प असो की धोफारची ५० मेगावॅटची पवनचक्क्यांची रांग, सगळीकडे वीज अशाच सेमीकंडक्टरमधून जाते. हे काम इथे वाढणारच आहे.

शेवटची गोष्ट जिवाची. तीन फेज ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर सुमारे ५८७ व्होल्ट असतात. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते उरतात. दिवा विझला म्हणजे बस रिकामी झाली असं नाही, कारण आतला डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असू शकतो. लॉक लावा, लेबलवर लिहिलेली मिनिटं पूर्ण थांबा आणि योग्य रेटिंगच्या मीटरने बस मोजूनच हात घाला. सुपरवायझर घाई करत असला तरी थांबा. बोर्ड दुसरा मागवता येतो, गावाकडे तुमची वाट पाहणाऱ्यांना दुसरे तुम्ही मिळणार नाही.

काळजी घ्या, पाणी पीत राहा. नमस्कार.