परक्या शहरांतील उन्हाळा

रत्नागिरीहून मुंबईस जाणें आज एका रात्रीचें काम आहे. बाळशास्त्री जांभेकर निघाले तेव्हां तें परमुलखास जाणें होतें. त्यांचें गांव पोंभुर्लें. पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यांतलें, १९८१ पासून सिंधुदुर्गांतलें. घरीं संस्कृत शिकलेला हा मुलगा मुंबईंत इंग्रजी शिकला, आणि विशीच्या सुमारास, ६ जानेवारी १८३२ रोजीं, त्यानें ‘दर्पण’ काढलें.

खरी परीक्षा पहिल्याच उन्हाळ्यांत आली. पाक्षिक ‘दर्पण’ मे १८३२ पासून साप्ताहिक झालें. मराठी गद्यास बातमी सांगण्याची संवय नव्हती, गिरवावा असा कित्ताही जवळजवळ नव्हता. आणि पंधरा दिवसांचें काम आतां सात दिवसांत उरकावयाचें होतें. शिवाय एका स्तंभांत मराठी, दुसऱ्यांत इंग्रजी. इंग्रजी वाचून राज्यकर्त्यांस येथील मन कळावें, मराठी वाचून येथील लोकांस जग कळावें, हा त्यांतला हेतु.

‘दर्पण’ १८४० मध्यें थांबलें. शास्त्रीबोवा १८४६ मध्यें, चाळिशीच्या पुष्कळ अलीकडे, निवर्तले. परंतु परक्या शहरानें दिलेल्या विद्येनें माणूस आपल्या भाषेस पारखा होतोच असें नाहीं, हें त्यांनीं दाखवून दिलें. महाराष्ट्रांत ६ जानेवारी हा पत्रकार दिन पाळतात, तो याच तरुणाच्या स्मरणार्थ.